बेल बाँड एजन्सीची सेवा: दहा टक्के कशाचे, आणि पुढे काय?

फी घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी कोर्टाला देणाऱ्या बेल बाँड एजन्सीचा फोन रात्री तीन वाजताही लगेच उचलला जातो, अर्ज मोबाइलवर भरता येतो आणि सह्या झाल्या की एजंट लगोलग तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन बाँड, म्हणजे हमीपत्र, भरतो. एवढ्यापुरते पैकीच्या पैकी गुण. पैशाचं जे सांगितलं जातं, आणि त्याहून जास्त जे सांगायचं राहतं, त्यासाठी गुण कापावेच लागतात. अमेरिकेतल्या या सेवेला पाचपैकी अडीच.

व्यवहार मुळात असा. न्यायाधीशांनी किंवा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) ठरलेल्या दरपत्रकाने २०,००० डॉलर जामीन लावला. ही रक्कम कोर्टात रोख भरली आणि आरोपी सगळ्या तारखांना हजर राहिला, तर निकाल काहीही लागो, खटला संपल्यावर ती परत मिळते. काही राज्यांत दंड आणि कोर्टाचा खर्च तिच्यातून वळता होतो, एवढंच. रोख नसेल तर एजंट विमा कंपनीच्या वतीने कोर्टाला हमी देतो की आरोपी आला नाही तर २०,००० आम्ही भरू. या हमीची फी म्हणजे प्रीमियम. बहुतेक ठिकाणी तो १० टक्के, म्हणजे इथे २,००० डॉलर. हे पैसे गेले ते गेले. निर्दोष सुटका झाली, केस रद्द झाली, सरकारी वकिलांनी आरोपच दाखल केले नाहीत, तरी परत येत नाहीत. 'दहा टक्के भरा, बाकीचं आम्ही बघतो' हे ऐकून घरच्यांना ती अनामत वाटते आणि एजंटही समजूत दुरुस्त करायला घाई करत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाँड भरला पण न्यायाधीशांनी तो नाकारला आणि आरोपी सुटलाच नाही, तर एजन्सीला प्रीमियम ठेवून घेता येत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे.

दर राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या ३,००० डॉलरवर १० टक्के, पुढच्या ७,००० वर ८ टक्के आणि १०,००० च्या वर ६ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे २०,००० च्या जामिनावर ३०० अधिक ५६० अधिक ६००, एकूण १,४६०. तोच जामीन कोलोरॅडोत असेल तर १५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ३,००० डॉलरपर्यंत मागता येतात. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण दर १० टक्के. पण आरोपीने आधीच खासगी वकील केला असेल तर काही विमा कंपन्यांचा मंजूर दर ८ टक्के असतो. विचारल्याशिवाय तो सहसा कुणी सांगत नाही. इलिनॉय, केंटकी, ओरेगॉन आणि विस्कॉन्सिन इथे हा धंदाच बंद आहे, आणि इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच काढून टाकला. अशा ठिकाणच्या अटकेसाठी कुणी फोनवर प्रीमियम मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजावी.

छोट्या जामिनात ही सेवा हमखास महाग पडते. फ्लोरिडात एका बाँडची किमान फी १०० डॉलर आहे, आणि प्रत्येक आरोपाचा बाँड वेगळा धरला जातो. तीन आरोप, प्रत्येकी ५०० डॉलर जामीन, तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने १५० व्हायला हवेत. प्रत्यक्षात बिल ३०० चं येतं. १,५०० डॉलर उभे करता येत असतील तर ते थेट तुरुंगात किंवा कोर्टात भरावेत. पावती मात्र पैसे देणाऱ्याच्या नावाने घ्यावी, कारण परतावा सहसा पावतीवरच्या नावाने निघतो. पत्ता बदलला तर कोर्टाला कळवावा, नाहीतर चेक जुन्या घरी जातो.

आता हप्ते. 'फक्त १ टक्का भरून बाहेर' अशा जाहिरातीत उरलेले ९ टक्के माफ होत नाहीत. ते कर्ज असतं. २०० डॉलर आज आणि १,८०० पुढच्या महिन्यांत, वर उशिराचा दंड. कनेक्टिकटने याला लगाम घातला आहे: प्रीमियमचे किमान ३५ टक्के आधी घ्यायचे आणि बाकी १५ महिन्यांत वसूल करायचे. कॅलिफोर्नियात अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं की उधारीवरचा प्रीमियम हा ग्राहक कर्जाचा करार आहे. त्यामुळे को-सायनरला, म्हणजे आरोपीसाठी सोबत सही करणाऱ्याला, कायद्यात सांगितलेली लेखी सूचना दिली नसेल, तर उरलेला प्रीमियम त्याच्याकडून वसूल करता येत नाही. ही सूचना कागदांच्या गठ्ठ्यात आहे का, ते बघून घ्यावं. हप्ता चुकला की 'परत आत टाकू' अशी धमकी येते. कॅलिफोर्नियात योग्य कारणाशिवाय आरोपीला तुरुंगाच्या ताब्यात दिलं, तर प्रीमियम पूर्ण किंवा अंशतः परत करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

खरा धोका पावतीत नसतो, तो नुकसानभरपाईच्या करारात असतो. मित्र किंवा मेहुणा म्हणून त्यावर सही करणारा माणूस फक्त २,००० ला बांधला जात नाही. आरोपी पळाला तर पूर्ण २०,०००, शोधमोहिमेचा खर्च आणि एजन्सीच्या वकिलाची फी, सगळं त्याच्या गळ्यात पडतं. करारात तीन कलमं आवर्जून शोधावीत. एक, खटला वर्षभरात संपला नाही तर दुसऱ्या वर्षाचा प्रीमियम लागतो का. दोन, पायातल्या जीपीएस पट्ट्याचं भाडं कोण भरणार. तीन, एजन्सी कोणत्या कारणांसाठी बाँड मागे घेऊ शकते. एजंटच्या तोंडी उत्तरावर भागवू नये. कलमाशेजारी आद्याक्षरं घालण्याआधी ते वाचावं. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये आणि प्रत तिथल्या तिथे मागून घ्यावी.

तारीख चुकली की कोर्ट वॉरंट काढतं आणि बाँड जप्त झाल्याचं जाहीर करतं. पैसे मात्र त्याच दिवशी जात नाहीत. कॅलिफोर्नियात टपालाने नोटीस निघाल्यापासून आरोपीला हजर करायला १८५ दिवस मिळतात, फ्लोरिडात ६०. आजारपण किंवा चुकीची तारीख असं कारण असेल तर त्याच दिवशी वकिलाला आणि एजंटला फोन करावा. आरोपी आपणहून हजर झाला तर बाँड पुन्हा लागू होण्याची शक्यता चांगली असते. फोन बंद करून बसलं की खर्च वाढतो.

पैसे भरण्याआधी तुरुंगाला एक प्रश्न विचारायचाच: या माणसावर दुसरा होल्ड, म्हणजे सोडू नका, आमच्या ताब्यात द्या अशी दुसऱ्या यंत्रणेची मागणी, आहे का? इमिग्रेशन खात्याचा किंवा दुसऱ्या काउंटीचा होल्ड असेल तर जामीन भरल्यावर तो घरी येण्याऐवजी त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि प्रीमियम पाण्यात. व्हिसावर असलेल्यांनी एजंटाआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. मोठ्या रकमेत आणखी एक अडथळा येतो: कॅलिफोर्नियात पैशांचा स्रोत दाखवेपर्यंत न्यायाधीश सुटका थांबवू शकतात, म्हणून बँकेची स्टेटमेंट्स हाताशी ठेवावीत.

थांबणं हाही पर्याय आहे. कॅलिफोर्नियात रविवार आणि सुट्ट्या वगळून ४८ तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं, आणि किरकोळ आरोप, पक्का पत्ता, नोकरी असेल तर तिथे पैशांशिवाय, नुसत्या लेखी हमीवर सुटका होऊ शकते. मंगळवारी पहाटे अटक झाली असेल तर २,००० डॉलरमधून एखाद-दुसरा दिवसच विकत मिळतो. शुक्रवारी रात्री अटक, सोमवारी सुट्टी आणि रोजची औषधं लागणारा माणूस असेल, तर तेच पैसे देण्यात अर्थ आहे. तिथे ही सेवा खरोखर कामाला येते. बाँड भरल्यावरही मोठ्या तुरुंगातून बाहेर पडायला कित्येक तास लागतात; ते एजंटच्या हातात नसतं, त्यामुळे 'तासाभरात बाहेर' या जाहिरातीला भुलू नये.

फोन करताना पूर्ण नाव, जन्मतारीख, बुकिंग नंबर (तुरुंगातला अटकेचा नोंद क्रमांक), तुरुंगाचं नाव आणि जामिनाची रक्कम जवळ असावी. परवाना राज्याच्या विमा खात्याच्या साइटवर तपासता येतो. टेक्सासच्या मोठ्या काउंटींमध्ये हे काम बेल बाँड बोर्ड करतं. एजंट एखादा ठरावीक वकील सुचवू लागला तर दुसरा एजंट शोधावा: कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात त्याला तशी मनाईच आहे.

तारण दिलं असेल तर त्याची वेगळी पावती हवी, प्रीमियमच्या पावतीत घुसडलेली ओळ नको. फ्लोरिडात बाँड मुक्त झाल्यावर २१ दिवसांत तारण परत करावं लागतं. घर तारण असेल तर काउंटीच्या नोंदवहीत बोजा चढलेला असतो, आणि खटला संपला म्हणून तो आपोआप उतरत नाही. कोर्टातून बाँडमुक्तीचा कागद घेऊन एजन्सीला द्यावा, बोजा उतरवल्याचा दस्त नोंदवायला लावावा आणि त्याची नोंदणीकृत प्रत हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये; पुढे घर विकताना किंवा कर्ज बदलताना नेमकं तिथेच अडतं.