रोटरी इंजिनाचं कूलिंग: नाकातले दोन कोअर की पोटाखालचा एक रेडिएटर?

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांपैकी काही जण लायकॉमिंग या छोट्या विमानांच्या नेहमीच्या इंजिनाऐवजी माझदाच्या आरएक्स-7 किंवा आरएक्स-8 गाडीतलं रोटरी इंजिन बसवतात. (पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत सिलिंडरच गरगर फिरायचे, त्यांनाही रोटरी म्हणत. इथे बोलतोय ते वांकेल इंजिनाबद्दल, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो.) त्यामागचं आकर्षण मला मनापासून पटतं. दोन रोटरचं 13 बी इंजिन आकाराने लहान, त्यात ना व्हॉल्व्ह ना कनेक्टिंग रॉड, आणि 160 अश्वशक्ती देताना ते धापा टाकत नाही. पण लायकॉमिंग हवेवर थंड होतं आणि हे पाण्यावर. त्यामुळे व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही या घरी बांधायच्या विमानाचं तयार काउलिंग (इंजिनावरचं आवरण) घेतलं, तरी त्यात रेडिएटर आणि ऑइल कूलर कुठे नि कसे बसवायचे हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

ठरवताना क्रूझचा, म्हणजे एका उंचीवर सरळ उडत राहण्याचा, विचार बाजूला ठेवा. खंडाळ्याच्या घाटात गाड्या का तापायच्या, ते आठवा: इंजिनावर पूर्ण भार, वेग कमी, समोरून वारा नाही. विमानाचा चढ म्हणजे तोच घाट. 100 नॉट वेगाने चढताना, समुद्रसपाटीजवळ, समोरच्या हवेचा दाब जेमतेम 165 मिलिमीटर पाण्याइतका असतो. 170 नॉटला तोच 480 च्या आसपास जातो. म्हणजे सर्वांत जास्त उष्णता काढायची तेव्हा हातात वाऱ्याचा एक तृतीयांश दाब. त्यात उन्हाळा असेल तर आणखी घट. कूलंट 90 अंशांवर धरलं, तर 15 अंशांच्या हवेशी फरक 75 चा पडतो, 35 अंशांच्या हवेशी फक्त 55 चा. टेक्सासच्या जुलैत जे चढेल, ते सगळीकडे चढेल.

पहिला पर्याय नाकातला. आरव्हीच्या काउलिंगला स्पिनरच्या (पंख्याच्या मधल्या टोपीच्या) दोन्ही बाजूंना हवेची तोंडं असतातच. त्यांच्यामागे एकेक कोअर (रेडिएटरचा नळ्या-पात्यांचा गाभा) बसवायचा. अनेकांनी यासाठी गाडीच्या एसीतले ॲल्युमिनियमचे इव्हॅपोरेटर कोअर वापरले आहेत: जाड, आटोपशीर आणि दाब सोसणारे. त्यांच्या जोडणीच्या बारीक नळ्या कापून मोठे पाइप वेल्ड करून घ्यावे लागतात आणि दोन्ही कोअर शक्यतो समांतर जोडावेत, म्हणजे वॉटर पंपावर ताण कमी. पाइप आखूड राहतात, वजन पुढेच राहतं, विमानाच्या बाह्य आकाराला हात लावावा लागत नाही. अडचण जागेची आहे. तोंडापासून कोअरपर्यंत अंतर फार थोडं आणि तेवढ्यात हवेला पसरायला लावायचं. भिंती सात-आठ अंशांपेक्षा जास्त उघडल्या की हवा भिंत सोडते आणि कोअरच्या मधल्या भागातूनच निसटते. म्हणून जाणकार डक्ट (हवेची वाहिनी) बराच वेळ अरुंद ठेवून कोअरजवळ तुतारीसारखा उघडतात. हे फायबरग्लासचं काम किचकट आहे, पण सगळं यश त्यातच आहे. नुसतं भोक आणि मागे कोअर, असं केलेलं चालत नाही.

दुसरा पर्याय पोटाखालचा. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-51 मस्टँग लढाऊ विमानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एक मोठा रेडिएटर, लांब डक्ट, मागे उघडझाप होणारं झाकण. हवेला पसरायला अंतर मिळतं आणि क्रूझमध्ये झाकण मिटलं की ड्रॅग (हवेचा विरोध) घटतो. तापलेल्या हवेने थोडा जोर परत मिळतो, हे ब्रिटनमध्ये मेरेडिथ या संशोधकाने 1930 च्या दशकातच मांडलं होतं. मात्र घरगुती विमानात त्या जोराचा हिशेब धरू नका. पोटालगतची हवा मंदावलेली असते. मस्टँगच्या स्कूपचा (हवा आत घेणाऱ्या तोंडाचा) ओठ पोटापासून खाली सोडलेला आहे तो त्यासाठीच. तुम्हालाही ती फट ठेवावी लागेल. शिवाय 32 मिलिमीटरचा पाइप जाऊन-येऊन तीन मीटर झाला, तर त्यातच अडीच किलोच्या आसपास कूलंट मावतं. पाइप, रेडिएटर आणि स्कूप यांचं वजन वेगळं. गुरुत्वमध्य मागे सरकतो तो वेगळाच.

आता ऑइल. रेडिएटरवर महिनोन्‌महिने घालवून ऑइल कूलर कुठेतरी कोपऱ्यात टांगणाऱ्यांसाठी हा परिच्छेद तळमळीने लिहितोय. रोटरच्या आत पाणी जात नाही. त्याला थंड करतं ते आतून उडणारं ऑइल. इंजिनाने बाहेर टाकायच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा ऑइलकडे जातो. ऑइलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या निम्मी आणि ते दाट, त्यामुळे नळीच्या भिंतीला चिकटलेला थर गार होतो, मधलं तसंच गरम पुढे जातं. म्हणून ऑइल कूलरला स्वतःचं तोंड, स्वतःचा डक्ट द्या. विमानाच्या हनुवटीखालची, म्हणजे स्पिनरच्या खालची, जागा उत्तम.

काही जण पाण्यावर ऑइल थंड करणारा हीट एक्स्चेंजर लावतात. थंडीत ऑइल लवकर तापतं, डक्ट एकच लागतो, नीटनेटकं दिसतं. पण ऑइल 100 अंशांच्या आत ठेवायचं आणि ते थंड करणारं पाणीच 85 वर असेल, तर फरक उरतो 15 चा. 35 अंशांच्या हवेशी तोच 65 होता. वर सगळी उष्णता एकाच रेडिएटरवर येते आणि पाणी गळालं की ऑइलचं कूलिंगही गेलं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात उडणाऱ्याने याचा विचार करावा, उष्ण प्रदेशात मी तो करणार नाही.

लाँग-ईझी किंवा कोझी, म्हणजे मागे पंखा असलेलं विमान असेल, तर पोटाखालचा किंवा बाजूचा स्कूपच घ्यावा लागतो. तिथे जमिनीवर पंख्याचा झोत रेडिएटरवर येत नाही. टॅक्सीसाठी विजेचा फॅन लावायची तयारी ठेवा.

कूलंटबद्दल थोडक्यात. निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घातलं की पाण्याची उष्णता वाहण्याची क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी घटते, पण गोठणाऱ्या प्रदेशात इलाज नाही. रेडिएटरच्या 0.9 बार दाब धरणाऱ्या कॅपमागे साधं पाणी समुद्रसपाटीला 119 अंशांवर उकळतं, 10,000 फुटांवर 113 वर. ती वेळ येऊ देऊ नका. ॲल्युमिनियम आणि बीड (ओतीव लोखंड) यांच्या सांध्यांतली कूलंट सील एकदा भाजली की पूर्ण इंजिन उघडावं लागतं.

पुढे पंखा असलेल्या आरव्हीसाठी माझं मत स्पष्ट आहे: नाकात दोन कोअर, हनुवटीखाली हवेवरचा ऑइल कूलर, हवा बाहेर पडायला तोंडांपेक्षा मोठी जागा. पोटाखालचा रेडिएटर त्याने घ्यावा ज्याला वेगाचं वेड आहे आणि एक वर्ष जास्त द्यायची तयारी आहे.

प्रमाणपत्र नसलेल्या इंजिनाला अमेरिकेत साधारणतः 40 तासांची चाचणी उड्डाणं करावी लागतात. त्यात पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून कोअरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजा. 100 नॉटच्या चढात त्या 165 मिलिमीटरपैकी 100 ही कोअरपुढे भरत नसतील, तर मोठा रेडिएटर मागवण्याआधी कोअरच्या कडेच्या फटी सिलिकॉनने बुजवून पुन्हा चढा.