कॉम्रेड्स मॅरेथॉन : सोन्याचं पदक जिंकणाऱ्यांच्याच रस्त्यावर साडेअकरा तास

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. वय ४९. गेली नऊ वर्षं आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट पळत चढते. जून २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची पळण्याची शर्यत पूर्ण करून आले. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, एवढा खर्च करून जाण्यासारखी शर्यत आहे का? आहे. पण का आहे ते सांगायचं तर आधी आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचं एका शर्यतीच्या आयोजकांशी झालेलं भांडण सांगायला हवं.

आदल्या वर्षी आपल्याच भागातल्या एका हाफ मॅरेथॉनला आम्ही सगळे गेलो होतो. माझ्यासोबत पहाटे पळणारी मैत्रीण भाजी विकते. ती ४५ वर्षांवरील महिलांत चौथी आली, बक्षीस पहिल्या तिघींना. त्या तिघींपैकी दोघी पूर्वी राष्ट्रीय स्पर्धांत पळलेल्या, आता खेळाच्या कोट्यातून नोकरीला. त्यांनी नियम मोडला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. पण मैत्रीण परतीच्या एसटीत एक शब्द बोलली नाही. मी तिच्या बरीच मागे होते. सतराव्या किलोमीटरला पोहोचले तर टेबलावर पाणी संपलेलं, रस्ता वाहनांना मोकळा केलेला, आणि लांबून बक्षीस समारंभाचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. त्या आठवड्यात ग्रुपने आयोजकांना पत्र लिहिलं: हौशी लोकांच्या शर्यतीत व्यावसायिक धावपटू नकोत. त्या पत्रावर माझी सही आहे. आज मी ती केली नसती.

कॉम्रेड्स म्हणजे डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली शर्यत. एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची, असं साधारण आलटून पालटून. आमची चढाची होती, जवळपास ८६ किलोमीटर. अंधारात डर्बनच्या सिटी हॉलसमोर हजारो माणसं उभी राहतात, राष्ट्रगीत होतं, मग खाणकामगारांचं ‘शोशोलोझा’ गाणं सुरू होतं आणि सगळा रस्ता ते गातो. मला शब्द येत नव्हते तरी डोळे भरून आले. मग कोंबड्याचं आरवणं, मग बंदूक. त्याच बंदुकीवर त्या वर्षीची विजेती गेर्डा स्टाइन निघाली आणि त्याच बंदुकीवर मी. ती सगळ्यांत पुढे, मी पार मागच्या तुकडीत, पण घड्याळ एकच.

एकामागून एक मोठे चढ येतात: काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल. ड्रमंडला निम्मं अंतर संपतं. त्याच्या थोडं आधी दरडीत एक खोबण आहे, तिला आर्थर्स सीट म्हणतात. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तिथे टेकायचा अशी समजूत आहे. येणारा जाणारा त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. मी ‘नमस्कार आर्थरकाका’ म्हटलं. ड्रमंड ओलांडून इंचांगाच्या चढाला लागले होते, तेवढ्यात रस्त्याकडेला शेगडी पेटवून बसलेल्या एका कुटुंबातली बाई ओरडली, ‘गेर्डा आली! विक्रम!’ ५ तास ४९ मिनिटं ४६ सेकंद. मी निम्म्याला आणि ती शेवटाला. त्या बाईने पुढच्याच क्षणी माझ्या हातात मीठ लावलेला उकडलेला बटाटा ठेवला आणि छातीवरच्या क्रमांकावर छापलेलं माझं नाव वाचून मला हाक मारली. विजेती येऊन गेली म्हणून कुणी खुर्ची आवरली नाही. पुढे एथेंबेनी शाळेतली अपंग मुलं हात पुढे करून बसलेली असतात. तिथे वेळ जातो, जाऊ द्या, प्रत्येक हाताला हात लावा.

पॉली शॉर्ट्स हा शेवटचा मोठा चढ, संपायला आठेक किलोमीटर उरलेले असताना येतो. मी तो चालत चढले. पायथ्याला पाणी होतं, माथ्यावरही होतं. घाटात शंभरदा चढले आहे, पण अकराव्या तासाला कुणी माझी वाट बघत टेबल मांडून उभं आहे, हे पहिल्यांदा अनुभवलं. स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर ११ तास २४ मिनिटांत पोहोचले. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांच्या पदकाला व्हिक क्लॅपहॅमचं नाव आहे. हा रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्याने १९२१ मध्ये ही शर्यत सुरू केली. सोनं फक्त पहिल्या दहा पुरुषांना आणि पहिल्या दहा बायकांना. रोख बक्षीसही पुढच्यांचं. पण शर्यत ज्याने उभी केली त्याचं नाव शेवटच्या तासातल्यांना. ही वाटणी मला फार आवडली.

ही शर्यतही नेहमी अशी उदार नव्हती. काळ्या धावपटूंना आणि बायकांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडलं. पाच वेळा जिंकलेल्या वॉली हेवर्डने इंग्लंडला पळायला जाण्यासाठी लोकांकडून खर्चापुरते पैसे घेतले, तर त्याला ‘व्यावसायिक’ ठरवून हौशी शर्यतींतून बाहेर काढलं होतं. तोच हेवर्ड १९८८ मध्ये परत आला आणि वयाच्या ७९ व्या वर्षी ९ तास ४४ मिनिटांत पोहोचला. रोख बक्षिसं सुरू झाली ती १९९५ मध्ये. हे वाचलं तेव्हा आमचं पत्र आठवून मला लाज वाटली. कारण आपल्याकडे व्यावसायिक म्हणजे कोण? माणच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरगी, जिला बक्षिसाच्या पैशातून बूट आणि दूध घ्यायचंय. माणमधल्याच मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. तिला रस्त्यावरच्या शर्यतीत येऊ नको म्हणणारे आम्ही कोण?

मैत्रिणीचं दुःख तरीही खरं आहे. त्यावर उपाय बंदी नाही. खुल्या गटाचं बक्षीस वेगळं ठेवा, पगार घेऊन पळणारे तिथे लढू देत. वयोगटाची बक्षिसं स्वतःच्या कमाईवर पळणाऱ्यांना राखून ठेवा. आणि शेवटचा माणूस येईपर्यंत पाणी ठेवा.

खटकलेलंही सांगते. २०२४ मध्ये वेळ बंदुकीपासून मोजली, त्यामुळे मागच्या तुकडीची पहिली कित्येक मिनिटं सुरुवातीची रेषा गाठण्यातच गेली. बारा तासांची मुदत सगळ्यांना सारखी असताना हे बरोबर नव्हतं. पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत देतात, रिकाम्या पिशव्यांचा रस्त्यावर खच पडतो आणि पाय घसरतो. परदेशी धावपटूंची फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी पाचपैकी साडेचार तारे.

जायचं असेल तर पात्रतेसाठी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते. सराव चढाचाच करा. शर्यतीनंतर डर्बनला परत आलात की पाव पोखरून त्यात राजम्याची भाजी भरलेला बनी चाऊ खा, आपल्या जिभेला लगेच ओळखीचा लागतो. आणि तुमचं संपलं तरी बारा तास होईपर्यंत रेसकोर्सवरून हलू नका. शेवटच्या मिनिटाला एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक हातात धरून उभा राहतो. त्याला मागचं काही दिसत नाही, आपल्याला दिसतं. मी घसा बसेपर्यंत ओरडत होते. माझ्या शेजारी उभा असलेला, माझ्या कितीतरी आधी पोहोचून गळ्यात चांदीचं पदक घातलेला मुलगाही.