बांबूचे कोंब: जून ते जानेवारी, आमच्या स्वयंपाकघरात

गेल्या जूनमध्ये कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मंडईत राधानगरीकडच्या एका मावशींकडून कोंबांचा पहिला वाटा घेतला. आता जानेवारी संपत आलाय. ताजे, मिठाच्या पाण्यातले आणि वाळवलेले असे तिन्ही करून झाले, म्हणून लिहिते.

पहिली भाजी टाकून द्यावी लागली. एकदाच, तेही झाकण ठेवून उकळली होती. शेंडा कोवळा म्हणून मुलीच्या ताटात वाढला आणि नेमका तोच सगळ्यात कडू निघाला. नंतर कारण कळलं. कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं कडू द्रव्य असतं, कोंब कापला की त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतं, आणि बुडख्यापेक्षा शेंड्यात ते कितीतरी जास्त. उकळलं की वाफेबरोबर निघून जातं. आमच्या आत्ती चंदगडच्या. त्यांना हे नाव माहीत नाही, पण कृती पक्की माहीत: "झाकण घालू नगंस, कडू वाफंवाटं जाऊ दे."

तेव्हापासून पातळ चकत्या रात्रभर पाण्यात ठेवते. सकाळी उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळून पाणी फेकते, मग नव्या पाण्यात पुन्हा तेवढंच.

एवढं केलं की चव काय येते! कोवळ्या कणसासारखा वास, दाताखाली कुरकुरीत. भिजवलेली हरभरा डाळ, भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ, घरची कांदा-लसूण चटणी, सोबत ज्वारीची भाकरी. तिखट मसाला कोंब छान धरतात. पांढऱ्या रश्श्यात मात्र अजिबात जमले नाहीत.

उकळलेले कोंब मिठाच्या पाण्यात, बरणीत, फ्रिजमध्ये ठेवले. दिवाळीपर्यंत हलकी आंबट चव आली, ती मला ताज्याहून आवडली. फ्रीजरमधले मऊ पडले. वाळवलेले मटणात उत्तम, पण तेही भिजवून उकळावेच लागतात.

ह्यांना थायरॉईडची गोळी आहे. कोंब आयोडीनच्या आड येतात, त्यामुळे त्यांच्या ताटात क्वचितच.

विकत घेताना स्वतःच्या बांबूच्या बेटातले कोंब आणणाऱ्याकडून घ्या. पुढची काठी त्याच कोंबाची होते, म्हणून ती माणसं थोडे राखून काढतात.

डिसेंबरात ऑनलाइन एक सुक्या कोंबांचं पाकीट मागवलं. त्यावर फक्त 'भिजवून वापरा' छापलंय. उकळून पाणी टाकण्याचा उल्लेखच नाही. नवख्या माणसाच्या घरात ते पाकीट पोचतं, म्हणून त्या विक्रेत्याला मी दोनदा कळवलंय.