वर्षभराची वॉटरकलर वही: जिल्दवाली की सुटे कागद, केक की ट्यूब? मराठवाड्याच्या हवेत काय टिकतं

अंगणातला रांजण, कडब्याची गंजी, बाजारातली मेथीची जुडी, टँकरभोवती लागलेल्या घागरी, असलं रोजचं काहीतरी बारा महिने वॉटरकलरमध्ये काढत राहायचं म्हणून बरेच जण ठरवतात आणि मग सामान घेतानाच अडकतात, कारण व्हिडिओत सांगणारे बहुतेक थंड हवेत बसलेले असतात आणि आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जायलाय. म्हणून ब्रँड सोडा, आधी ऋतू बघा. जे सामान मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये टिकतं ते बाकी दहा महिने आरामात चालतं.

पहिला प्रश्न, जिल्दवाली वही की सुटे कागद. वहीचा फायदा एकच पण लई मोठा, क्रम राहतो. दारातला एकच कडुनिंब घ्या, मार्चमध्ये तांबूस कोवळी पालवी, एप्रिलमध्ये बारीक पांढरा मोहोर, जूनला पिवळ्या निंबोळ्यांचा सडा, हे लागोपाठच्या पानांवर दिसायला लागलं ना की वही ठेवायचं सार्थक होतं, सुट्या कागदांत तो क्रम हरवतो, मागं पेन्सिलनं तारीख टाकली तरच सापडतो. पण उन्हाळ्यात वहीला मर्यादा येते. आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकून ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत कागद कोरडा, मग कडा उमटतात, डाग राहतात. सुटा कागद असला की दोन्ही बाजूंनी ओला करून परीक्षेच्या पॅडवर पसरायचा, खालून ओल मिळत राहते आणि काम करायला बऱ्यापैकी वेळ मिळतो, वहीच्या पानाला हे करताच येत नाही. पावसाळ्यात उलटं, पान वाळतच नाही, घाईत वही मिटली की समोरच्या पानाला चिकटलीच, मध्ये बटर पेपर ठेवला तरी पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका.

माझं मत असंय की ए५ साइजची शिवलेली वही मुख्य ठेवा आणि एप्रिल-मे पुरते सुटे तुकडे वापरून नंतर त्याच वहीत चिकटवा. स्पायरल सपाट उघडते, पैसेही कमी लागतात, पण दोन पानांवर मिळून लांबलचक शिवार काढायचं म्हटलं की मधली तार आडवी येते.

कागद साधा की कॉटन, इथं बहुतेकांचा उलटा समज असतो. कॉटन म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद, तो पाणी जास्त वेळ धरून ठेवतो आणि एकावर एक थर सहन करतो, म्हणजे त्याची खरी गरज पावसाळ्यात नाही, मेच्या कोरड्या हवेत आहे. साधा सेल्युलोज म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद लवकर वाळतो, त्यावरचा रंग ओल्या ब्रशनं उचलून फिकाही करता येतो, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो मस्त चालतो. कॉटन कितीतरी महाग पडतो, त्यामुळं पूर्ण वही कॉटनची घेऊ नका, थोड्या शीट घेऊन फाडून तुकडे करा. दोन्हीकडं ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे जाड कागद) आणि कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत पृष्ठभाग) बघा, ३०० च्या खाली गेलात की पान पापडासारखं वळतं. आणि कॉटनच्या शीट पावसाळ्यात उघड्या ठेवू नका, ओलीनं त्यावरचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) खराब झालं की रंग टिपकागदावर पडल्यासारखा जागोजागी शोषला जातो. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

केक की ट्यूब, यावर जास्त डोकं लावायची गरज नाही. शाळेतले केक घरात पडलेले असतील तर सुरुवात त्यानंच करा, फक्त गडद रंग काढायला घासत बसावं लागतं. पुढं जाऊन ट्यूब घ्या, रिकाम्या हाफ पॅनमध्ये (रंग ठेवायच्या बारक्या डबीत) पिळून वाळवा, दोन्हीचे फायदे मिळतात. उन्हाळ्यात वाळून तडे गेले तरी फेकू नका, काम करायच्या आधी दोन थेंब पाणी टाकून ठेवलं की डिंक परत सुटतो, रंग तोच असतो. मध मिसळून बनवलेले रंग पावसाळ्यात चिकट राहतात, त्यांचा डबा उघडाच वाळू द्या. गडद गुलाबी-लाल घेताना मात्र ट्यूबवर पिगमेंट नंबर (आत कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा क्रमांक) वाचा, पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरिन क्रिमझन, तो उजेडात फिका पडतो, बोगनवेलीसाठी वापरला आणि चित्र भिंतीवर लावलं तर मूळ रंग राहणार नाही.

चोवीस शेड की सहा? सहा. अजिंठ्यात भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा एवढ्यावर केवढं काम झालंय बघा. आपल्या शिवाराला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लिंबू पिवळा, एक पक्का लाल आणि एक थंड निळा पुरतो. काळी माती काढायला तर काळा रंग उघडूच नका. मेमध्ये भेगाळलेलं रान जवळून बघा, काळं नसतंच ते, राखाडी असतं, ढेकळाच्या उन्हाकडच्या बाजूला तपकिरी झाक असते आणि भेगेच्या आत तेवढा खरा गडदपणा. अल्ट्रामरीन आणि सिएना भरपूर पाण्यात मिसळा, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात आणि मातीचा रवाळपणा आपोआप येतो. मृगाचा पाऊस झाला की तेच दोन रंग, फक्त पाणी कमी आणि निळा जास्त. जानेवारीत करडई फुलली की पिवळ्यापासून केशरीपर्यंतच्या छटा एकाच फुलात दिसतात, ओल्यातच रंग सोडा. येळवसला (वेळ अमावस्येला) शेतातल्या कडब्याच्या कोपीत मांडलेले चुना लावलेले पाच पांडव असोत की ज्वारीची पांढरी कणसं, तिथं पांढरा रंग लावायचा नाही, कागदच कोरा सोडायचा. तयार ऑरेंज ट्यूब घ्यायचीच असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या पळसासाठी घ्या, तो भगवा मिसळून तितका झगझगीत येत नाही.

राहिलं जागेवर बसून काढायचं की फोटोवरून. दुपारच्या उन्हात मोबाइल सावली काळी ठिक्कर करतो आणि आभाळ पांढरं, डोळ्यांना मात्र तीच सावली निळसर-जांभळी दिसत असते, म्हणून उन्हाळ्याची पानं फोटोवरून काढली की निर्जीव होतात. सकाळी सातच्या आत नाहीतर साडेपाचनंतर बसा. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं उभं राहून काढायला गेलं तर माणसं जमणारच, कडेच्या हॉटेलात चहा सांगून बसलं की निवांत होतं. पोरींना एकटं बसून काढणं अवघड जातं हे मला माहितीय, त्यांनी तिथं पाच मिनिटांत पेन्सिलनं आकार आणि सावलीची दिशा टिपावी, रंगांची नावं बाजूला लिहावी आणि घरी येऊन रंगवावं, नुसत्या फोटोपेक्षा हे कितीतरी पटीनं बरं. पाणी बाटलीत फिल्टरचं न्या, बोअरच्या क्षारवाल्या पाण्यात काही रंग गुठळ्या धरतात.

आता ज्यांना आजच सामान घ्यायचंय त्यांनी ३०० जीएसएमची एक ए५ वही, सहा ट्यूब, आठ आणि चार नंबरचे दोन गोल सिंथेटिक ब्रश घ्यावेत, कॉटन मार्चपर्यंत घ्यायची घाई नाही. आणि जमलं तर सुरुवात दिवाळीनंतर करा, हवा कोरडी पण गार असते, वॉश सावकाश वाळतो, कापूस फुटलेला असतो, तुरी पिवळ्या फुलांवर असतात आणि हुरड्यापर्यंत हात बऱ्यापैकी बसलेला असतो.