नव्या धंद्यासाठी स्प्रेडशीट: कुठे तारते, कुठे बुडवते

धंदा सुरू झाल्याची कुणकुण लागली की सॉफ्टवेअर विकणारे दारात उभे राहतात. बिलांचं वेगळं, साठ्याचं वेगळं, गिऱ्हाइकांच्या नोंदींचं वेगळं, आणि प्रत्येकाची महिन्याची वर्गणी. यातलं बरंचसं सुरुवातीला लागत नाही. एक स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरचा आकडेमोडीचा तक्ता, पुरते, पण ती नीट मांडलेली हवी. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क हे तिन्ही पर्याय इथे एकाच माणसाच्या नजरेनं तपासले आहेत: पगारी हिशेबनीस नाही, भांडवल मोजकं आहे आणि माल उधारीवर जातो.

हे साधन जन्मलंच धंद्याच्या आकडेमोडीतून. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत, ते त्यांना खटकलं. १९७९ मध्ये त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अॅपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आणलं. १९८३ मध्ये आयबीएम पीसीवर लोटस कंपनीचं तसंच सॉफ्टवेअर, लोटस १-२-३, आलं आणि व्हिजिकॅल्क झपाट्यानं मागे पडलं. त्याच सुमारास ते बनवणारी कंपनी आणि विकणारी कंपनी एकमेकींविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. १९८५ मध्ये बनवणारी कंपनी लोटसनंच विकत घेतली. बनवणारा एक आणि विकणारा दुसरा अशी भागीदारी करायला निघालेल्यांनी हा इतिहास जरूर चाळावा.

मूळ गुण तो एकच: एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. नवउद्योजकांच्या बहुतेक शीटमध्ये नेमकं हेच होत नाही. वहीत लिहावेत तसे आकडे हातानं भरलेले असतात आणि खाली एक बेरीज. तसं असेल तर वहीच बरी, तिला चार्जिंग लागत नाही.

खरा उपयोग दिसतो तो तेरा आठवड्यांच्या रोकड तक्त्यात. त्याला तीन शीट लागतात. पहिल्या शीटवर फक्त गृहीतकं: आठवड्याला किती नग, नगाची किंमत, नगामागचा खर्च, दर आठवड्याचा स्थिर खर्च, उधारी किती आठवड्यांची, हातातली सुरुवातीची रोकड. हे आकडे निळ्या अक्षरांत ठेवा आणि सूत्रं काळ्या. वित्तीय तक्ते करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. दुसऱ्या शीटवर आठवड्यागणिक एक असे तेरा कॉलम आणि प्रत्येकात चार ओळी: सुरुवातीची शिल्लक, आलेले पैसे, गेलेले पैसे, अखेरची शिल्लक. एका आठवड्याची अखेरची शिल्लक ती पुढच्या आठवड्याची सुरुवातीची. तिसऱ्या शीटवर प्रत्यक्षातल्या तारीखवार नोंदी. दुसऱ्या शीटवर हातानं टाकलेला एकही आकडा नको. उधारीचे आठवडे बदलले की आलेल्या पैशांची ओळ आपोआप सरकायला हवी. त्यासाठी ‘इंडेक्स’ हे यादीतला ठरावीक जागेवरचा आकडा उचलणारं सूत्र वापरता येतं.

उदाहरणानं पाहू. आठवड्याला ५०० नग, किंमत १००, नगामागे खर्च ६०, स्थिर खर्च १५,०००. विक्री ५०,०००, खर्च ४५,०००, म्हणजे आठवड्याला ५,००० नफा. कच्च्या मालाचे पैसे रोख द्यायचे आणि गिऱ्हाइकाची उधारी सहा आठवड्यांची. पहिले सहा आठवडे पैसे फक्त जातात: ४५,००० गुणिले ६, म्हणजे २,७०,०००. सातव्या आठवड्यात पहिली वसुली येते. हातात ३ लाख असतील तर तगता येतं.

आता चौथ्या आठवड्यापासून मागणी दुप्पट झाली असं धरा. सगळे अभिनंदन करतील. आठवड्याचा नफा ५,००० वरून २५,००० वर जातो. पण आठवड्याचा खर्च आता ७५,००० आणि वसुली मात्र जुन्या, कमी विक्रीची. पाचव्या आठवड्याअखेर २,८५,००० गेलेले असतात, सहाव्याअखेर ३,६०,०००. ३ लाख सहाव्या आठवड्यातच संपले. खड्डा सर्वात खोल जातो नवव्या आठवड्यात, ४,३५,००० पर्यंत. त्याच दिवशी कागदावरचा एकूण नफा १,६५,००० दिसत असतो. नफ्यात असलेला धंदा रोकड संपून बंद पडतो तो असा.

शीटची किंमत इथे वसूल होते. गृहीतकांच्या पानावर उधारी सहाऐवजी चार आठवडे करा. दुप्पट मागणी तशीच ठेवूनही खड्डा आता सातव्या आठवड्यात २,८५,००० वर थांबतो, म्हणजे तेच ३ लाख पुरतात. एका रकान्यातला (सेलमधला) एक आकडा बदलला आणि बोलणी कशावर करायची ते कळलं: कर्जावर नाही, वसुलीच्या मुदतीवर. विक्री वाढवण्याचे सल्ले देणारे खूप भेटतात; मुदत कमी करून घ्या असं सांगणारे कमी.

सवलतीचंही असंच. वरच्या आकड्यांत ना नफा ना तोटा हा बिंदू आठवड्याला ३७५ नगांवर येतो, कारण नगामागे ४० सुटतात आणि १५,००० भरून काढायचे असतात. किंमत १० टक्के उतरवली की नगामागे ३० च सुटतात आणि बिंदू ५०० नगांवर जातो. म्हणजे आजची सगळी विक्री करूनही नफा शून्य. पूर्वीचेच ५,००० मिळवायला ६६७ नग विकावे लागतील. असा बिंदू उलट्या बाजूनं काढायला ‘गोल सीक’ नावाची सोय आहे: हवं ते उत्तर सांगायचं, त्यासाठीचा आकडा ती शोधून देते. एक्सेल आणि कॅल्कमध्ये ती आतच मिळते, गूगल शीट्समध्ये वेगळी जोडणी बसवावी लागते.

आता खोड्या. सर्वात घातक खोडी म्हणजे मजकूर म्हणून साठवलेले आकडे. बँकेच्या विवरणातून उचलून चिकटवलेली रक्कम कधीकधी रकान्यात डावीकडे चिकटते. बेरजेचं सूत्र तिला मोजतच नाही, चूक झाल्याचंही सांगत नाही. आकडा उजवीकडे नसेल तर संशय घ्या. दुसरी खोडी बेरजेच्या पट्ट्याची: शेवटच्या ओळीखाली नवी ओळ घातली की ती बेरजेत येईलच असं नाही. पट्ट्याच्या शेवटी एक रिकामी, रंगवलेली ओळ ठेवा, ती बेरजेत धरा आणि नव्या ओळी कायम तिच्या वर घाला. तिसरी, एकच कॉलम निवडून क्रम लावणं. नावं हलतात, रकमा जागेवर राहतात आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर जाते.

दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद, उदाहरणार्थ मालाचा भाव, शोधून आणणारं ‘व्हीलुकअप’ हे सूत्र वापरत असाल तर त्यातली शेवटची जागा रिकामी सोडू नका. सोडली तर ते जवळपास जुळणारं उत्तर देतं आणि दरपत्रकात भलत्याच मालाचा भाव उचलतं; तिथे ‘फॉल्स’ लिहावं लागतं. त्याच कामाचं नवं सूत्र ‘एक्सलुकअप’ मुळातच तंतोतंत जुळणी शोधतं. सूत्र खाली ओढताना गृहीतकाचा रकाना जागेवर राहायला हवा असेल तर त्याच्या पत्त्यात डॉलरचं चिन्ह घाला.

एक्सेल १५ च अंक अचूक ठेवतं. सोळा अंकी क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर तिन्हीकडे गळतात. खातेक्रमांक, मालाचे कोड, फोन हे सगळे कॉलम भरण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवा. नंतर बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

तिघांतलं कोणतं घ्यावं? दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर गूगल शीट्स. एकाच वेळी सगळ्यांना लिहिता येतं आणि आवृत्त्यांच्या इतिहासात कोणी कधी काय बदललं ते दिसतं. भागीदारांमधल्या ‘मी तो आकडा हलवला नव्हता’ या वादावर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. इंटरनेट नसताना चालवायची सोय मात्र आधी सुरू करून ठेवावी लागते. एका फाइलला १ कोटी रकान्यांची (सेलची) मर्यादा आहे, पण जड सूत्रांनी ती त्याच्या बरीच आधी रांगायला लागते. हिशेबनीस किंवा गुंतवणूकदाराकडे फाइल जाणार असेल तर एक्सेल. समोरचा तेच उघडून बसलेला असतो. पैसे वाचवायचे आणि फाइल आपल्याच संगणकावर ठेवायची तर कॅल्क. ते मोफत आहे आणि रोकड तक्त्याला कुठेही कमी पडत नाही. ‘एक्सलुकअप’ त्यात २४.८ आवृत्तीपासून आलं, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर बदला. दुसऱ्यानं मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) घालून पाठवलेली एक्सेल फाइल त्यात कधीकधी अडते.

स्प्रेडशीट नोंदवहीचं काम करायला लागली की मात्र घोळ सुरू होतो. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण माहिती जुन्या एक्सेल स्वरूपात भरली जात होती. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. लहान धंद्याचं घोडं इतक्या ओळींआधीच अडतं: दोन माणसं एकच बिल क्रमांक देतात, साठा उणे दिसतो, कोणाची तरी जुनी प्रत ‘अंतिम’, ‘अंतिम २’ म्हणून फिरत राहते. बिल क्रमांक एकदा जरी दुबार पडला, किंवा साठा मोजून जुळवायला आठवड्याला एक अख्खी दुपार जायला लागली, की बिलं आणि साठा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवा. हलवताना एक महिना दोन्हीकडे नोंदी करा आणि महिनाअखेरीला तीन आकडे जुळवा: बँकेतली शिल्लक, एकूण येणी, एकूण देणी. तिन्ही जुळेपर्यंत जुनी फाइल बंद करू नका. जुळल्यावर तिला फक्त वाचण्यापुरतं कुलूप लावा. तेरा आठवड्यांचा तक्ता मात्र स्प्रेडशीटमध्येच राहू द्या आणि दर आठवड्याला एक जुना कॉलम काढून पुढचा एक जोडत जा.