एज ऑफ एम्पायर्स ४: आठ महिने खेळल्यावर, जुन्या दुसऱ्या भागाच्या तुलनेत

एज ऑफ एम्पायर्स म्हणजे राज्य उभारून समोरच्याशी लढायचा कॉम्प्युटर गेम. त्याचा दुसरा भाग मी पहिल्यांदा खेळलो तो भुसावळच्या एका सायबर कॅफेत, दहावीच्या सुट्टीत. गेम १९९९ चा, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो आधी टाकला गेला, बाकीचं सगळं नंतर. २०१९ साली त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, आली, तीही घेतली. म्हणूनच चौथा भाग ऑक्टोबर २०२१ मध्ये आला तेव्हा मी हात लावला नाही. जुनं आवडतं असलं की नव्याची भीती वाटते. शेवटी गेल्या दिवाळीत सेलमध्ये घेतला. आता आठ महिने झाले, अडीचशेच्या वर तास खेळून झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिला महिना वाईट गेला. डोक्याला चौथा भाग कळत होता, पण बोटं दुसराच खेळत होती. एकच उदाहरण देतो. दुसऱ्या भागात बाण सुटताना समोरचा माणूस जिथे असतो, तिथेच तो बाण जातो. घोडेस्वार ऐनवेळी बाजूला वळवला की बाण मातीत. समोरच्याने गेममधलं बॅलिस्टिक्सचं (पळत्या माणसावर नेम धरण्याचं) संशोधन केलं की ही चलाखी बंद पडायची, पण तोवर तिच्या जिवावर अख्खी लढाई फिरवता यायची. चौथ्या भागात धनुर्धराचा बाण सुटला म्हणजे लागलाच. तुम्ही कितीही पळा. तसंच टेकडीचं. जुन्या गेममध्ये वरून मारा केला की २५ टक्के जास्त इजा व्हायची, म्हणून उंचवट्यासाठी मारामारी असायची. नव्यात उंचीवरून लांबचं दिसतं, इजा तेवढीच. वीस वर्षं घासून आलेलं कसब एका झटक्यात बाद झालं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं. अजूनही वाटतं. ही गोष्ट त्यांनी काढायला नको होती.

मग मी दिल्ली सल्तनत हे राज्य घेऊन बसलो आणि गेम उलगडायला लागला.

दुसऱ्या भागात राज्यं भरपूर, पण सगळ्यांचा सांगाडा एकच. एखादं खास पथक, दोन-चार सवलती, काही संशोधनं वगळलेली. फ्रँक्स जमले की संध्याकाळपर्यंत ब्रिटन्सही जमतात. चौथ्यात सुरुवातीला आठच राज्यं होती, पण प्रत्येक राज्य म्हणजे नवा अभ्यास. मंगोलांना घरं बांधावीच लागत नाहीत, इमारती गाड्यांवर घालून ते दुसरीकडे जातात. दिल्लीचं त्याहून निराळं. तिला कुठल्याच संशोधनाला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ लागतो, आणि तोही खूप. मशिदीत विद्वान नेऊन बसवले की वेळ कमी होतो. पण नकाशावर जी पवित्र स्थळं असतात, तीही ताब्यात घ्यायची ती याच विद्वानांनी. एक स्थळ हाती आलं की मिनिटाला १०० सोनं. बाकीच्या राज्यांना त्यासाठी कॅसल एजपर्यंत (गेममधल्या तिसऱ्या युगापर्यंत) थांबावं लागतं, दिल्लीला त्याआधीच्या फ्युडल एजमध्येच मुभा आहे. मग पहिल्या पाच-सहा मिनिटांत प्रश्न पडतो: विद्वान मशिदीत बसवू की मैदानात पाठवू? पाठवला आणि वाटेत मेला, तर सोनंही गेलं आणि संशोधनही रखडलं. आठ महिने झाले तरी या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर मला सापडलेलं नाही, प्रत्येक डावात ते नव्याने शोधावं लागतं. या गेममध्ये मला सगळ्यात आवडतं ते हेच.

दोन्ही भागांतला खरा फरकही मला इथेच सापडला. जुन्या गेममध्ये माँक (भिक्षू) जाऊन रेलिक (पवित्र अवशेष) उचलायचा, घरी आणून मठात ठेवायचा, की सोनं आपोआप सुरू. संपत्ती घरात आणता यायची, म्हणून चहूकडून भिंत घालून निवांत बसता यायचं. मी तर तसाच खेळत आलो. नव्या गेममध्येही रेलिक आहेत, पण पवित्र स्थळ उचलून आणता येत नाही. ते जिथे आहे तिथे जाऊन उभं राहावं लागतं आणि राखावं लागतं. दार लावून बसणाऱ्याचं इथे भागत नाही.

आम्हा खानदेशातल्या माणसाला हे पटकन समजावं. खानदेशचे फारुकी सुलतान आधी तापीकाठी थाळनेरला होते, मग बुऱ्हाणपूरला गेले. कारण जवळचा असीरगड. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची वाट त्या गडाखालून जाते. अकबराला तो १६०१ मध्ये मिळाला, आणि त्यासाठी लांबलचक वेढा घालावा लागला होता. गडावर खालपासून वर तटबंदीचे तीन टप्पे आहेत. मी तिथे शेवटचा गेलो तो चौथा भाग घेतल्यानंतर, आणि तटावर उभा असताना गेममधल्या भिंतीच आठवत होत्या. कारण दुसऱ्या भागात भिंत म्हणजे नुसता अडसर, तिच्यावर कुणी चढत नसे, आणि तलवारवाले चिकाटीने ठोकत राहिले तर दगडी भिंतही पडायची. चौथ्यात धनुर्धर तटावर उभे राहून खाली मारा करतात. दगडी भिंत पाडायची तर वेढ्याची यंत्रंच आणावी लागतात, किंवा लाकडी बुरूज ढकलत नेऊन शिपाई वर चढवावे लागतात. यातली काही यंत्रं पायदळ मैदानातच बांधतं. किल्ला किल्ल्यासारखा लढतो, हे जुन्या भागात मला कधीच मिळालं नव्हतं.

शेवट करण्याची पद्धतही सुधारली आहे. जुन्या गेममध्ये डाव केव्हाच जिंकलेला असायचा, पण समोरच्याचा एक व्हिलेजर (कामकरी) कुठल्या तरी कोपऱ्यात झाडामागे लपलेला, आणि आम्ही रात्री एक वाजता घोडे पळवत नकाशा पिंजून काढतोय. आता पुढच्या युगात जायला लँडमार्क, म्हणजे एक खास मोठी इमारत, बांधावा लागतो, आणि समोरच्याचे सगळे लँडमार्क पाडले की डाव संपला.

मोहिमांबद्दल, म्हणजे एकट्याने खेळायच्या गोष्टींबद्दल, फार लिहीत नाही. मूळ गेममध्ये नॉर्मन, शंभर वर्षांचं युद्ध, मंगोल आणि मॉस्को अशा चार आहेत, मध्ये माहितीपटासारखे सुंदर तुकडे आहेत, एकदा जरूर खेळा. दिल्ली सल्तनत गेममध्ये आहे आणि तिची एकही मोहीम नाही, हे मात्र खटकतं. उलट जुन्या दुसऱ्या भागाला २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे जोडपॅक आलं, त्यात राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर अशा तिघांच्या मोहिमा आहेत. भारताची गोष्ट खेळायची असेल तर आजही दुसराच भाग उघडावा लागतो.

आता माझी खरी तक्रार. मामेभाऊ चोपड्याहून लॅपटॉप घेऊन येतो आणि सुट्टीत आम्ही एकमेकांसमोर बसून खेळतो, हे लहानपणापासूनचं. दुसऱ्या भागात दोन कॉम्प्युटरमध्ये एक वायर टाकली की झालं, इंटरनेटचा संबंधच नव्हता. चौथ्यात अशी थेट वायरने जोडून खेळायची, म्हणजे लॅनची, सोयच नाही. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसलेले दोघेही आधी इंटरनेटवर जाणार आणि मग एकमेकांना भेटणार. आमच्याकडे लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर तग धरतो, पण नेट बाहेरच कुठेतरी बंद पडतं आणि पाऊण तासाचा डाव जातो. एप्रिल-मेमध्ये असं चार वेळा झालं. “भो, जुनाच लाव,” असं तो दर वेळी म्हणाला, आणि आम्ही जुनाच लावला.

मशीनचंही सांगतो. माझ्याकडे १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, गेमला डिस्कवर ५० जीबी जागा लागते. मध्यम सेटिंगवर दोघांचा डाव हिवाळ्यात सुरळीत चालला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर दुपारी मोठी लढाई लागली की चित्र अडखळायचं. सावल्या कमी केल्या, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावला, आणि खेळ रात्री दहानंतरवर नेला. तेव्हापासून त्रास नाही. तुमच्याकडे साधा लॅपटॉप असेल तर उन्हाळ्याचा विचार करूनच घ्या.

घ्यावा का? ज्याला समोरच्याच्या दारात जाऊन लढायला आवडतं त्याने नक्की घ्यावा, आणि पहिलं राज्य दिल्लीच निवडावं. नवी राज्यं येत राहिली आहेत, ऑटोमन आणि माली तर २०२२ मध्ये फुकट मिळाली. मामेभाऊ आता चोपड्याला घरी बसून ऑटोमनचा सराव करतोय. दिवाळीत येईल तेव्हा दोन्ही भाग लावून ठेवलेले असतील, आणि लॅनची जुनी वायर मी कपाटातून काढून टेबलाखाली आणून ठेवली आहे.