आराखड्यात खाडीच नव्हती : सायकल सहलीच्या नावाखाली गेलेले १,०४,२५० रुपये

हरिहरेश्वर ते गुहागर या किनाऱ्यालगतच्या खडतर वाटेवर माउंटन बायकिंगची दोन दिवसांची सहल ठरवून आम्ही नऊ जण फसलो. गटाच्या वतीने व्यवहार मी करत असल्याने सगळे पैसे माझ्याच खात्यातून गेले. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण मी गप्प बसलो तर सहलीचा तोच आयोजक याच रीतीने दुसऱ्या गटाला लुटेल, म्हणून रकमांसह लिहितो आहे.

माणशी ७,८०० रुपयांप्रमाणे ७०,२०० रुपये सहलीचे, माणशी ४५० रुपयांप्रमाणे ४,०५० रुपये विम्याचे, आणि आमच्यातील पाच जणांकडे अशा वाटेला चालेल अशी सायकल नसल्यामुळे भाड्याच्या सायकलींसाठी प्रत्येकी ६,००० म्हणजे ३०,००० रुपये अनामत. अकरा दिवसांत तीन वेळा यूपीआयने पैसे पाठवले आणि तिन्ही वेळा खातेदाराचे नाव वेगळे दिसले. ‘भागीदाराचे खाते आहे’ हे त्याचे उत्तर मी मान्य केले. तुम्ही करू नका. पावतीवरचे आणि खात्यावरचे नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

मी डोळे मिटून पैसे दिले असे मात्र कोणी समजू नये. मी त्याच्याशी तीनदा फोनवर बोललो, मुद्दाम खोलात जाऊन प्रश्न विचारले. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की पकड चांगली मिळते, पण आत ट्यूब असेल तर फार कमी करू नये, कारण दगडावर आपटताच ट्यूब रिममध्ये चिमटली जाऊन पंक्चर होते, हे त्याने मी न विचारता सांगितले. खाऱ्या हवेत साखळीला गंज चढतो म्हणून रोज संध्याकाळी सायकली गोड्या पाण्याने पुसून साखळीला तेल द्यायची व्यवस्था आहे, असेही तो म्हणाला. इतके नेमके बोलणारा माणूस सायकल चालवणारा असणार, असे कोणालाही वाटले असते. तो सायकल चालवतही असेल. त्यामुळे तो प्रामाणिक ठरत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण मला आजही झोपू देत नाही. दुसरा हप्ता देण्याच्या आदल्या रात्री त्याने मार्गाचा आराखडा पाठवला : पहिला दिवस हरिहरेश्वर ते हर्णै, दुसरा दिवस हर्णै ते गुहागर, ‘पूर्ण मार्ग समुद्राच्या कडेने, सलग सायकलवर, चढ नाममात्र’. हरिहरेश्वरहून दक्षिणेकडे जाताना सावित्रीची खाडी आडवी येते आणि बागमांडला ते वेश्वी फेरीबोटीने ती ओलांडावी लागते, नाहीतर आंबेतच्या पुलाचा लांबचा वळसा पडतो. पुढे वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे पुन्हा फेरीबोट. आराखड्यात दोन्हींपैकी एकीचाही उल्लेख नव्हता. खाडीच्या काठावरून सड्यावर चढताना किती दम लागतो, हे तिकडे एकदा गेलेला माणूसही विसरत नाही, आणि हा चढ नाममात्र म्हणत होता. बागमांडल्याच्या फेरीबोटीत मी स्वतः दोनदा सायकल चढवली आहे. तरीही मी तो कागद वाचला, गटात पुढे पाठवला आणि सकाळी पैसे भरले. आयोजकाचा आराखडा नकाशावर बोट ठेवून, खाडी खाडी मोजत तपासा.

ठरलेल्या शनिवारी पहाटे सहा वाजता आम्ही हरिहरेश्वरला उभे होतो. तिथे ना सायकली होत्या, ना माणूस, फोन बंद.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. शेवटचा हप्ता दोन दिवसांपूर्वीचा असल्याने तीनपैकी एका खात्यात फक्त ६,३१२ रुपये गोठवता आले. शंका आली त्याच तासाला फोन करा, ओशाळून वेळ घालवू नका. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ एवढ्या एका वाक्यात हात झटकले. जवळच्या पोलीस ठाण्यात सांगितले की पैसे घरून पाठवले, तर तिकडे जा. घराजवळच्या ठाण्यात सांगितले की सहल तिकडची, तर तिकडे जा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले, तेव्हा ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ हे उत्तर मिळाले. चौथ्या खेपेला एका अधिकाऱ्यांनी पावती पाहून हा ग्राहक वाद ठरवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे खरे आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि तो शोधणे ज्यांचे काम आहे तेच पोलीस मला ग्राहक आयोगाकडे पाठवत होते. तक्रार लिहून घ्यायला एकोणीस दिवस लागले, आणि त्यातही ‘एवढे पैसे देऊन सायकल चालवायला कशाला जायचे’ हे ऐकावे लागले. आठ जणांपैकी चौघांचे पैसे मी पदरचे परत केले आहेत, उरलेल्या चौघांचे बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या सायकलस्वाराने मला नवा आराखडा दाखवला. नाव आणि क्रमांक वेगळा, वाक्ये तीच : दाभोळ ते जयगड, ‘सलग सायकलवर, चढ नाममात्र’. तवसाळहून जयगडला नेणारी फेरीबोट त्यातही नाही. तो कागद मी तपास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी नेऊन दिला. अजून त्यांचा फोन आलेला नाही. निघण्याची तारीख पुढच्या शनिवारची आहे आणि रक्कम माणशी ८,२०० रुपये आहे.